एका ख्रिस्ती मातेचे चरित्र
(रामटेक येथे ज्युबिलीप्रसंगी केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल समयी एका ख्रिस्ती मातेविषयी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे. आपल्या रामटेकच्या आसपास, १८२१ साली वसलेल्या कामठीच्या छावणीत किंवा मनसर-कांद्रीच्या मँगनीजच्या खाणींवर, पोटासाठी परमुलखातून आलेली कुटुंबे पुष्कळ. अशा कुटुंबाचा विश्वास कोण टिकविते? पुरुष कामावर जातो. घरची प्रार्थना बहुधा चुलीपाशी बसलेल्या माऊलीच्याच हाती राहते. म्हणून गावोगाव बिऱ्हाड हलवीत असताही श्रद्धेचे घर उभे करणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक यांचे चरित्र आम्ही निवडले आहे. त्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या, हे आम्ही जाणतो. परंतु विभक्त बंधूंच्या ठायी असलेले ख्रिस्ती धन आनंदाने मान्य करावे, असेच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली आपल्याला शिकविले आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. माहेर गोखल्यांचे, वडिलांचे सोवळे असे कडक की घरच्यांचा जीव मेटाकुटीस यावा. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. टिळक कवी, उदार आणि एका जागी न ठरणारे. त्यांच्यामागून लक्ष्मीबाई आपल्या नागपुरासही आल्या. तेथे टिळक श्रीमंत बुटी यांच्या आश्रयास होते. पुढे राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार ठेविला. ती आगगाडीची वाट आपल्या कामठीवरूनच जाते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

पती ख्रिस्ती झाला म्हणून पत्नीही झाली, असे मात्र घडले नाही. लक्ष्मीबाई दुःखाने खचल्या आणि लहान दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने पंढरपुरास राहिल्या. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, त्याही आपले सोवळे घेऊनच. टिळकांनी बळजबरी केली नाही. उच्चनीच भाव देवाने निर्मिला नसून मनुष्याने रचिला आहे, ही गोष्ट अखेर त्यांना स्वतःच्याच विचाराने पटली. आधी जातिभेद सुटला आणि मागाहून, १९०० साली, राहुरी येथे बाप्तिस्मा झाला.

हा क्रम ध्यानी धरण्याजोगा आहे. आपल्यापैकी कित्येकांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला असतो. पण पंगतीला शेजारी कोण बसला आहे, मुलीला सांगून आलेले स्थळ कोणत्या जातीचे आहे, हे पाहण्याची खोड गेली काय? बाप्तिस्मा आधी आणि जातिभेद अद्याप शिल्लक, अशी उलटी गत कोठे असेल, तर ज्युबिलीच्या दिवशी तिचा विचार होणे अगत्याचे आहे. मंदिराच्या भिंती रंगविणे सोपे. मनाचे सोवळे सोडणे कठीण. ते एका स्त्रीने कोणी न सांगता सोडले.

सोवळ्यात वाढलेल्या याच बाईंच्या घरी पुढे अनाथ मुले वाढली आणि येईल त्याला ताट मिळाले. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले. त्यानंतर लक्ष्मीबाई मुलाच्या संसारासह, आज पाकिस्तानात असलेल्या कराचीसही जाऊन राहिल्या. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरओळख पतीने घरीच करून दिली. तरी १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेले त्यांचे 'स्मृतिचित्रे' मराठी भाषेचे भूषण ठरले. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्यही त्यांनी चौसष्ट अध्याय रचून पुढे नेले. आपल्या फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोमंतकात छापले गेले. त्याच प्रभूची कथा तीन शतकांनी एका गृहिणीने मराठीत गायिली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या देवाघरी गेल्या.

संत मोनिकाही मुलासाठी आफ्रिकेतून इटलीस गेली आणि ३८७ साली ओस्तिया येथे, परमुलखातच, तिने देह ठेविला. आपण कोठे पुरले जाऊ याची चिंता तिने केली नाही. वेदीपाशी आपले स्मरण व्हावे, एवढेच मागितले. बिऱ्हाड बदलते, भाषा बदलते; जिच्या घरी प्रार्थना होते व जिच्या पंगतीस कोणी परका नसतो, त्या मातेचा विश्वास मात्र मुलांबरोबर पुढे चालतो.

आपल्या घरोघरीच्या मातांवर प्रभू कृपा करो, आणि पुढील ज्युबिलीच्या दिवशी आपली सर्वांची पंगत एक असो.