मातीला परवाना

नदी नासते ती कारखान्याच्या नळामुळे, असा आपला समज. अमेरिकेतही 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्याचा रोख आधी नळांवरच राहिला. पण बांधकामासाठी उकरलेल्या जमिनीला कुठला आलाय नळ? तिथून पावसाबरोबर वाहते ती साधी माती. तिला घाण म्हणायचे? म्हणावे लागते. शेतातून जाते त्याच्या दहा ते वीस पट माती अशा जागेवरून वाहून जाते, असे तिथली पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. गाळाने पाणी अंधारते. माशांची अंडी खडीत गुदमरतात.

म्हणून 1987 साली कायदा दुरुस्त झाला. 1990 च्या नियमांनी पाच एकर किंवा त्याहून मोठ्या कामांना परवाना आला. 1999 च्या नियमांनी मर्यादा एका एकरावर आणली. आधी आराखडा तयार करायचा, उताराच्या तळाशी कापडी कुंपण घालायचे, ट्रकच्या चाकांची माती झडावी म्हणून फाटकाशी खडी पसरायची.

खरी मेख आहे ती पाहणीत. बहुतेक राज्ये परवाने स्वतःच देतात. पण संस्थेच्या नमुन्यात साधारणपणे दर सात दिवसांनी फेरी हवी, नाहीतर चौदा दिवसांनी एक आणि शिवाय पाव इंच पाऊस झाला की चोवीस तासांत. कुंपणाशी निम्म्या उंचीइतका गाळ साचण्याआधी तो उपसायचा. नोंदवही काय, कचेरीत बसूनही भरता येते! गाळ तसाच राहिला, तर पुढची सर कुंपण आडवे करते.