बंदरावरचा डॉक्टर

लंडनमध्ये १९०७ साली उष्णकटिबंधीय वैद्यकाची संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्षपद सर पॅट्रिक मॅन्सन यांच्याकडे गेले. आजच्या परिषदेत हिवताप, हत्तीरोग आणि प्रवासातून येणारे आजार हे विषय एकत्र आले आहेत. तिन्हींच्या मुळाशी जावे तर वाटेत हा स्कॉटिश डॉक्टर भेटतोच.

ॲबर्डीनची पदवी घेऊन मॅन्सन १८६६ मध्ये चिनी कस्टम खात्याचे वैद्यकीय अधिकारी म्हणून फोर्मोसाला (आजच्या तैवानला) गेले. १८७१ पासून त्यांचा मुक्काम चीनमधल्या आमॉय बंदरात. तिथे हत्तीपायाचे रुग्ण रोजचेच. टिमथी लुईस यांना १८७२ मध्ये कलकत्त्यात माणसाच्या रक्तात या रोगाशी संबंधित सूक्ष्म जंत दिसले होते. मॅन्सननी लंडनच्या रजेत ते वाचले आणि परतल्यावर एकच प्रश्न धरून बसले: हे जंत रक्तातून बाहेर पडतात कसे?

१८७७ मधला त्यांचा प्रयोग तपशिलात ऐकण्यासारखा आहे. त्यांच्याकडच्या हिन लो या माळ्याच्या रक्तात हे जंत होते. त्याला मुद्दाम केलेल्या खोलीत झोपवायचे, दिवा लावून दार उघडे ठेवायचे आणि डास आत शिरले की दार बंद करायचे. सकाळी रक्त पिऊन टम्म झालेले डास भिंतीवर बसलेले असत. त्यांच्यावर उपडा वाइनग्लास ठेवून, तंबाखूच्या धुराने गुंगवून त्यांना कुपीत भरायचे. मग रोज काही डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. जंत डासाच्या पोटातून छातीच्या स्नायूंत शिरून वाढत होते! शोध मॅन्सनच्या नावावर जमा झाला. रात्रभर डासांना रक्त पाजले ते हिन लोने.

पुढे सहायकांकडून ठरावीक तासांनी रक्त तपासून घेतले, तेव्हा जंत संध्याकाळी रक्तात येतात, मध्यरात्रीच्या सुमारास त्यांची गर्दी होते आणि सकाळी ते नाहीसे होतात, असे दिसले. जंतांकडे घड्याळ असते काय, अशी लंडनच्या विद्वानांनी थट्टा केल्याचे सांगतात. आपल्याकडे हत्तीरोग पथके रात्री घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेतात, ती याच घड्याळामुळे.

मात्र डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला जंत होतात, हा मॅन्सनचा तर्क साफ चुकला. १९०० मध्ये त्यांच्याच तरुण सहकाऱ्याने, जॉर्ज लो यांनी, डासाच्या सोंडेत जंत दाखवले.

हिवतापाची कथा आपल्याला पाठ आहे. १८९४ मध्ये मॅन्सननी रॉनल्ड रॉस यांना डासांच्या वाटेला लावले, १८९७ मध्ये सिकंदराबादेत रॉसना डासाच्या पोटात परजीवी सापडला आणि १९०२ चे नोबेल एकट्या रॉसना मिळाले. १९०० मध्ये मॅन्सननी रोमहून हिवतापाचे डास मागवले आणि लंडनमध्ये स्वतःच्या मुलाला चावू दिले. मुलगा तापाने फणफणला, सिद्धान्त सिद्ध झाला. आजची कुठलीही नीतिसमिती हा प्रस्ताव दारातूनच परत पाठवील, आणि ते योग्यच होईल.

पण प्रवासी वैद्यकाच्या दृष्टीने मोलाचे काम झाले ते लंडनच्या गोदीवर. १८९२ पासून मॅन्सन खलाशांच्या रुग्णालयात होते आणि १८९९ मध्ये त्यांचे उष्णकटिबंधीय वैद्यकाचे विद्यालय अल्बर्ट डॉकवरच निघाले. जगभरची बंदरे पाहिलेला रुग्ण तिथे आपल्या पायांनी चालत येई. १९०२ मध्ये वेस्ट इंडीजमधील अँटिग्वात राहून आलेल्या एका इंग्रजाच्या शौचात त्यांना बाजूला काटा असलेली अंडी मिळाली. लघवीत काहीच नव्हते. शिस्टोसोमा या परजीवी कृमीची ही दुसरी जात असावी, असे त्यांनी सुचवले. १९०७ मध्ये सॅम्बन यांनी तिला ‘शिस्टोसोमा मॅन्सोनी’ हे नाव दिले. माणूस कुठे राहून आला हे विचारले नसते, तर त्या अंड्यांचा अर्थ लागणे कठीण होते.

कधी या प्रश्नाला ‘कुठेच गेलो नव्हतो’ असे उत्तर मिळते आणि तेही तितकेच महत्त्वाचे असते. गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे स्थानिक केंद्र नोंदवले. आफ्रिकेतला म्हणून ओळखला जाणारा रोग कोकणातल्या पाण्यात मुक्कामाला होता.

आज कोकणातली मुले जहाजांवर आहेत, आपले कामगार आफ्रिकेतल्या प्रकल्पांवर जातात, सुट्टीत घरी येतात. फाल्सिपारम हिवताप बहुधा परतल्यावर महिनाभरात उठतो. व्हायवॅक्स कित्येक महिन्यांनीही. तेव्हा आपणा सर्वांना विनंती आहे: केसपेपरवर ‘ताप किती दिवस’ लिहिता, त्याच्या शेजारी ‘गेल्या वर्षभरात कुठे जाऊन आलात’ हेही लिहा, आणि उत्तरात आफ्रिका खंडातले ठिकाण आले तर रक्ताची काच त्याच दिवशी पाहा.