क्रोम पिवळा

चित्रकाराच्या पेटींतील पिवळ्या रंगाचा आणि स्वयंपाकघरांतील हळदीचा संबंध काय, असें श्रोत्यांना वाटेल. तो संबंध घातक आहे.

१७९७ सालीं फ्रेंच रसायनज्ञ व्होक्लां यानें सैबेरियांतील एका तांबड्या खनिजांत क्रोमियम या धातूचा शोध लावला. तें खनिज म्हणजे शिशाचें क्रोमेट. तेंच कृत्रिम रीतीनें बनविलें कीं ‘क्रोम पिवळा’ होतो. लेड नायट्रेटच्या द्रावणांत पोटॅशियम क्रोमेटचें द्रावण ओततांच भडक पिवळा साका तळाशीं बसतो. तो धुऊन वाळविला कीं रंग तयार. हा रंग स्वस्त आहे आणि पातळ थरानेंहि पृष्ठभाग झांकतो. मात्र उजेडांत तो हळूहळू काळवंडतो.

तो पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं, म्हणून कोणी त्यास निरुपद्रवी समजूं नये. जठरांतील आम्लानें त्यांतील शिसें सुटतें आणि लहान मुलांच्या मेंदूस कायमची इजा करतें. असें असूनहि हळकुंडांना झळाळी यावी म्हणून लोभी व्यापाऱ्यांनीं हा रंग चोळल्याचे प्रकार भारतांत व बांगलादेशांत उघडकीस आले आहेत. हळदीचा पिवळेपणा तिच्या अंगच्या कर्क्युमिनाचा असतो. त्याहून अधिक भडकपणा दिसला, तर गृहिणीनें तो गुण न मानतां इशारा मानावा.