अध्यात्म : शब्द एक, घरे निराळी



महादेवपुऱ्यातील आमच्या घरी मध्यंतरी एक लहानसा वाद झाला. मंडळाच्या भजनाला चलण्याचा आग्रह आम्ही चिरंजीवांना केला, तेव्हा ते म्हणाले, "बाबा, मी स्पिरिच्युअल आहे, रिलिजस नाही." आमच्या मातोश्रींसाठी आम्ही त्याचे मराठी केले : 'मी आध्यात्मिक आहे, धार्मिक नाही.' त्यांनी शांतपणे विचारले, "असं? मग तुझे गुरू कोण रे?"

चिरंजीव निरुत्तर झाले. आम्ही मात्र विचारात पडलो.

इंग्रजीतील 'स्पिरिच्युअ‍ॅलिटी' आणि स्पॅनिशमधील 'एस्पिरितुआलिदाद' ही एकाच लॅटिन 'स्पिरितुस'ची, म्हणजे श्वासाची, लेकरे. परंतु वाढली निराळ्या घरी. इंग्रजी शब्द विसाव्या शतकात चर्चच्या उंबरठ्याबाहेर पडला आणि आज तो बहुधा व्यक्तीची खासगी वृत्ती सुचवितो. स्पॅनिश शब्दालाही नवे वारे लागले आहे, तरी त्याच्या मागे संताचे वा पंथाचे नाव अजून सहज येते. इग्नासियो दे लोयोला यांच्या 'आध्यात्मिक व्यायाम' या पुस्तकास १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. त्यात चार 'आठवड्यां'चा, सुमारे तीस दिवसांचा क्रम आहे. नेमून दिलेले चिंतन, नित्य आत्मपरीक्षण आणि सोबत मार्गदर्शक. आपल्याकडे याला अनुष्ठान म्हणतील. मातोश्रींचा प्रश्न त्या घरी तात्काळ उमगला असता!

याच इग्नासियोंच्या संघातील फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यास आले आणि १६१६ साली त्यांचे मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले. (त्याची १९०७ ची आवृत्ती आपल्या कर्नाटकातील मंगळूरची, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते.) स्वर्गासाठी त्यांनी 'वैकुंठ' हा शब्द योजिला. पण शब्द घरात घेतला की त्याचा गोतावळाही मागून येतो; 'वैकुंठ' म्हणताच मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढे शंख, चक्र, गरुड उभे राहणारच. आमच्या भाषांतराचे नेमके तेच झाले. आम्ही 'आध्यात्मिक' म्हटले आणि मागोमाग गुरू आले.

मूळ 'अध्यात्म' शब्दात पंथ नाही. आहे तो आत्मा. गीतेच्या आठव्या अध्यायात अर्जुन अध्यात्म म्हणजे काय असे विचारतो, तेव्हा श्रीकृष्ण त्याला 'स्वभाव' म्हणतात. त्या अर्थी चिरंजीव फारसे चुकले नव्हते. रूढीच्या अर्थी मातोश्रींचेच बरोबर. आमचे भाषांतर तेवढे घाईचे.

येत्या एकादशीस भजनाला येण्याचे चिरंजीवांनी कबूल केले आहे. टाळ धरणार नाही, ही अट. आजींनी ती मान्य केली आहे.