पाळणे : एका क्रियापदाची गोष्ट

(वसंत व्याख्यानमालेतील चौथे पुष्प)



पत्रिकेत माझा विषय ‘ईश्वराचे आज्ञापालन आणि ख्रिस्ती प्रीती’ असा छापलाय. काल याच मांडवात सुगम संगीत होतं, तेव्हा मागे उभं राहायला जागा नव्हती म्हणे. आज ऐसपैस बसता येतंय. (हशा.) विषयच असा की हेडमास्तरांनी खोलीत बोलावल्यासारखं वाटावं. ‘आज्ञापालन’ हा शब्द मलाही फारसा आवडत नाही, त्यात छडी दिसते. म्हणून मी त्यातला उत्तरार्धच घेऊन आलोय : पाळणे.

योहानाच्या शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय इथल्या ख्रिस्ती मंडळींना पाठ असेल, बाकीच्यांनी सवडीनं वाचावा. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांना प्रीतीची खूण सांगतो. ती खूण म्हणजे त्याच्या आज्ञा पाळणं. तिथलं मूळ ग्रीक क्रियापद आहे ‘तेरेओ’. राखणं, जपणं, पहारा ठेवणं असा त्याचा अर्थ. हुकूम मानण्यासाठी ग्रीकमध्ये निराळा शब्द आहे. आपल्या मराठीनं तिथे ‘पाळणे’ बसवलं, आणि माझ्या मते बाजी मारली. आपण पथ्य पाळतो, वेळ पाळतो, दिलेला शब्द पाळतो आणि शेळीही पाळतो. चौकात पोलीस असेपर्यंत सिग्नल पाळला असं आपण म्हणतो, पण ते पाळणं नव्हे, ते भिणं. पोलीस जेवायला गेल्यावर कळतं, कोण काय पाळतो ते. (हशा.)

शेळीवरून आठवलं. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं. आजीची एक शेळी होती, एक कान फाटका, खोड्या मात्र दोन शेळ्यांच्या. आजी पहाटे विळा घेऊन शेवरीचा पाला आणायला जायची. ताप असो, पाऊस असो, घरात पाहुणे असोत. एका नाताळाला ते काम तिनं धाकट्या काकाला सांगितलं. काकाला नवे बूट आले होते. तो बूट घालून थेट देवळात. भक्ती सुरू झाली, गाणी रंगात आली, आणि गाण्यांच्या मधल्या शांततेत लांबून शेळीचं ओरडणं ऐकू आलं. आजी उठली. नव्या लुगड्यानिशी बाहेर पडली आणि उपदेश संपता संपता परत आली ती काष्ट्याला कुसळं घेऊन. दाराशी पाळकसाहेब उभे. आमच्यात धर्मगुरूला पाळक म्हणतात, हेही ध्यानात घ्या. त्यांनी विचारलं, “काय आजी, नाताळाच्या दिवशीसुद्धा?” आजी म्हणाली, “पाळकसाहेब, तुमची मेंढरं आत बसलीत. माझी शेळी उपाशी उभी होती.” (टाळ्या.)

आजीनं त्या शेळीला कुरवाळलेलं मी कधी पाहिलं नाही. शिव्या मात्र रोज ऐकल्या. ‘तुझी हिच्यावर माया आहे का?’ असं कुणी विचारलं असतं तर तिला प्रश्नच कळला नसता. पण पाला चुकला नाही. माझा सगळा सिद्धान्त त्या पाल्याएवढाच आहे. देवावरची प्रीती उमाळ्यात मोजायची नसते, ती न चुकलेल्या दिवसांत मोजायची असते.

शेळी जरा लांबली. चिटणीस घड्याळ बघतायत.

आता अशाच न चुकलेल्या पाल्याचं दुसरं उदाहरण, पंडिता रमाबाई. चरित्र तुम्हाला ठाऊक आहेच. त्यांच्या शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती केलं जातं, या आरोपावरून झालेल्या वादात मी शिरत नाही. त्यात शिरलेला वक्ता वेळेत बाहेर आल्याचं मी पाहिलेलं नाही. (हशा.) पहिल्या रांगेत कुजबुज चाललीय, ‘शेवटी प्रचारावर आलेच.’ नाही हो! प्रचार करायचा असता तर वारकऱ्यांच्या गावात येऊन नेमाबद्दल बोललो असतो का? पाऊस लागो न लागो, आषाढीला पाय निघतातच. तो धडा आम्हीच तुमच्याकडून घ्यावा.

बाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडात वाँटेजला झाला, २९ सप्टेंबर १८८३ रोजी. आता ही नवी लेक निमूट ऐकेल, असं तिथल्या धर्ममंडळींना वाटलं असावं. बाई त्रैक्यावर वाद घालत बसल्या. शाकाहार सोडला नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये म्हणून बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा बाईंनी त्यांनाही सुनावलं. मराठीत आज्ञा मानण्याला आपण ‘ऐकणं’ म्हणतो. बाई डॉक्टरी शिकायला गेल्या होत्या, आणि ते राहिलं कान अधू होत गेल्यामुळे. त्यांनी ऐकलं फारसं कुणाचंच नाही. पाळलं मात्र जन्मभर. देवाची आज्ञा आणि देवाच्या नावानं कुणीतरी सोडलेला हुकूम यांतला फरक ज्याला कळत नाही, त्यानं आज्ञापालनावर बोलूच नये. मीही जपूनच बोलतोय.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून बाईंनी शेकडो मुली आणल्या आणि केडगावला ‘मुक्ती’ हा त्यांचा आश्रम उभा राहिला. दुष्काळ ओसरला, पण मुलींना भूक रोजच लागते. बाईंनी शेती लावली, विहिरी खणल्या, छापखाना घातला. तिथे मुलीच खिळे जुळवू लागल्या. आणि मग बाईंनी बायबलाचं भाषांतर काढलं, साध्या मराठीत, अडाणी बाईलाही कळेल असं. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. वर्षानुवर्षं पानामागून पान. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्या वयात आई काम बाजूला ठेवते, आणि कुणी तिला बोल लावत नाही. बाईंनी ठेवलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. त्यांच्या मुखातून प्रीतीची व्याख्या ऐकण्यापेक्षा मला ती तपासलेली मुद्रितं बघायला आवडली असती, शाईच्या बोटांच्या ठशांसकट.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटे.’ उलटी करून पाहिली, मागे ‘तीन’ लिहिलंय. (हशा.)

ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांवर माझी चार पानं आहेत, ती दोन वाक्यांत सांगतो. रमाबाई एका जागी खिळून राहिल्या. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. वरवर पाहता एकीनं धरलं, दुसऱ्यानं सोडलं. पण मला दोघंही पालाच आणायला निघालेले दिसतात.

बाकीचे टिळक पुढच्या वर्षी, बोलावलंत तर. बोलावलंत की येईन. आज एवढं बोलून बसल्यावर दिलेला शब्द मोडायची माझी सोयच राहिलेली नाही. (हशा आणि टाळ्या.)