कागद का पेटला?

(वार्षिक समारंभातील भाषण)



आमच्या वर्गातील एका मुलाने भिंगाने उन्हात वहीचा कागद पेटवला. घरी त्याला मार मिळाला. "कागद का पेटला?" असे मात्र कोणी विचारले नाही.

उत्तर सोपे आहे. १० सें.मी. व्यासाचे व २० सें.मी. नाभीय अंतराचे भिंग आपल्यावरचे सारे ऊन सुमारे २ मि.मी.च्या ठिपक्यात गोळा करते. म्हणजे ऊन जवळजवळ २५०० पट दाट होते! १७७२ साली पॅरिसमध्ये लाव्हाझिए या शास्त्रज्ञाने मोठ्या भिंगाखाली चक्क हिरा जाळला.

ही विद्या आपल्याला परकी नाही. बगदादच्या इब्न सहल यांनी इ.स. ९८४ च्या सुमारास जाळणाऱ्या आरशांवर व भिंगांवर ग्रंथ लिहिला. प्रकाशाच्या वक्रीभवनाचा नियम त्यात आहे.

आता आपल्या महाराष्ट्रात या. फार मोठे भिंग जड होते, म्हणून तेच काम आरशांकडून करून घेतात. २००६ साली लातूरच्या दूध डेअरीत १६० चौ.मी.ची आरशांची तबकडी बसली आणि सूर्याच्या उष्णतेवर दुधाचे पाश्चरीकरण होऊ लागले.

पालकहो, मुलाच्या हाती भिंग द्या, मुलीच्याही द्या. स्वतः जवळ उभे राहा. भिंगातून सूर्याकडे कधीही पाहू देऊ नका, डोळा कायमचा जाईल. कागद विझवा, मुलांची जिज्ञासा विझवू नका.