चित्राखालची चिठ्ठी



मी चित्रकार नाही, चार ओळी लिहिणारा माणूस. मागे एकदा मित्र एका प्रदर्शनाला घेऊन गेला. दुकानाच्या माळ्यावरची खोली, दोन ट्यूबलाइट, खिळ्यांना टांगलेली आठ-दहा चित्रं. चित्रकारांपैकी काही तृतीयपंथी होत्या, तर एक जण स्वतःला ना स्त्री म्हणवत होतं, ना पुरुष.

एका चित्रात नुसता तवा होता. काळा, मधोमध झिजून उजळलेला. जवळच उभ्या असलेल्या चित्रकर्तीला मी विचारलं, ''घरच्यांनी तुम्हाला कधी बाहेर काढलं?''

त्या हसल्या. म्हणाल्या, ''सर, मुसलमान असून इतकं चांगलं मराठी कसं लिहिता, असं लोक तुम्हाला विचारत असतील ना? तव्याबद्दल विचारा की!''

मी ओशाळलो. तीस वर्षं तो प्रश्न मी ऐकतोय. संमेलनात मला एकात्मतेचं प्रतीक म्हणून बोलावतात आणि मी पावसावरची कविता वाचली की सूत्रसंचालकाचा चेहरा पडतो. तेच मी त्या बाईंच्या बाबतीत केलं होतं.

आपल्याकडे हे काम आजचं नाही. २००६ साली तेजल शाह यांनी हिजड्यांची एक छायाचित्रमालिका केली. स्वतःला कोणत्या रूपात पाहायला आवडेल, ही कल्पना ज्यांचे फोटो त्यांचीच. त्यातली एक झाली रविवर्म्याच्या चित्रातली यशोदा, मांडीवर कृष्ण घेतलेली. बंगळूरमध्ये २०१६ साली 'अरवानी आर्ट प्रोजेक्ट' सुरू झाला. पारलिंगी स्त्रिया आणि त्यांचे सोबती रस्त्यावरच्या भिंती रंगवू लागले. २०२४ साली त्यांचं भित्तिचित्र व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात झळकलं. आधी गल्लीतली भिंत, मग व्हेनिस!

म्हणून मला माळ्यावरची खोली मोलाची वाटते. मोठ्या दालनाचं भाडं परवडत नाही, तारीख लवकर मिळत नाही आणि दारातला वॉचमन आधी कपडे बघतो, मग चेहरा. छोट्या जागेत चप्पल काढली की माणूस आत.

पण छोट्या जागांनाही एक खोड असते. वर्षातून एकदा 'खास' प्रदर्शन भरवायचं, मानधनाचा विषय निघाला की 'संधी दिली ना' म्हणायचं. आणि चेक काढलाच, तर तो कागदावरच्या जुन्या नावानं, जे त्या व्यक्तीनं कधीच मागे टाकलेलं असतं! स्त्री, पुरुष की तृतीयपंथी, हे ज्याचं त्यानं ठरवावं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ रोजी दिला. पण चित्राखालची चिठ्ठी लिहायला न्यायालय येत नाही. ती आपणच लिहितो.

त्या खोलीतली चिठ्ठी मला अजून आठवते. चित्रकर्तीनं निवडलेलं नाव, 'तवा', तैलरंग आणि किंमत. बाकी काही नाही.

शेवटी मी तव्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, ''नुसता काळा लावला तर कॅनव्हासला भोक पडल्यासारखं दिसतं. निळा मिसळावा लागतो.'' आणि मग अर्धा तास आम्ही काळ्या रंगावरच बोलत होतो.

तुमच्या गावात अशी एखादी खोली असेल, तर जरूर जा. चित्रापुढे थोडं थांबा. आणि विचारायचंच झालं, तर आधी चित्राबद्दल विचारा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)